मरण्यात हातखंडा

लेम्पी हाताया आजवर किती वेळा मेली, याचा हिशेब ओटर फॉल्समध्ये कोणी ठेवला नव्हता. पण ती मरते फार छान, याबद्दल गावात दुमत नव्हतं. ॲम्ब्युलन्सच्या गॅरेजात, सिमेंटवर अंथरलेल्या जुन्या गालिच्यावर ती हृदयविकाराने मेली होती, गांधीलमाशी चावून मेली होती, सौनाच्या वाफेच्या खोलीत चक्कर येऊन मेली होती आणि एकदा हरणाच्या मांसाचा तुकडा घशात अडकूनही. साठी उलटल्यावर ती दोनदा बाळंत झाली होती. बाळ रबराचं होतं आणि दोन्ही वेळा पायाळू आलं, कारण रेइनोने ते पांघरुणाखाली उलटं ठेवलं होतं.

गावची ॲम्ब्युलन्स गावातलेच लोक चालवायचे. पगार कुणालाच नाही. हाक आली की हातातलं काम टाकून धावायचं. धावून पोचल्यावर पुढे काय करायचं, हे शिकायला मात्र अधूनमधून कोणाला तरी जमिनीवर पडून कण्हावं लागतं. पथकाचा प्रमुख रेइनो हिल्तुनेन, धंद्याने नळदुरुस्तीवाला. त्याने पूर्वी एका रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी उभं राहून विचारलं होतं, "मला मरायला एक बाई हवी आहे. कोण मोकळं आहे?"

सगळ्या बायका कपात बघायला लागल्या. लेम्पीचा नवरा वाइनो त्याच वर्षी गेला होता, मुलगी कारिन लग्न होऊन मिलवॉकीला. घरात बोलायला रेडिओ तेवढा.

"मी आहे मोकळी," लेम्पी म्हणाली. "पण जमीन झाडून घे आधी."

तीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. पोट दुखतंय म्हणत येणारं पोर खरंच आजारी आहे की त्याचा गणिताचा तास आहे, हे ती सूप वाढता वाढता ओळखायची. सोंग कसं करावं आणि कुठे फसतं, हे ती त्या पोरांकडूनच शिकली होती. त्यामुळे ती पडली की नुसती पडायची नाही. मोडलेल्या हाताला शिकाऊ माणसाने धसमुसळेपणाने हात लावला, तर "पेरकेले!" ही माहेरची फिनिश शिवी अशी कडाडायची की समोरच्याचा हात आपोआप हलका व्हायचा. सैतानाचं नाव आहे ते, आणि लेम्पी ते मनापासून घ्यायची.

हृदयविकार हा तिचा सगळ्यात गाजलेला प्रयोग. आधी कपाळाला हात. मग छातीवर मूठ. मग हातातला पत्र्याचा मग खणखणत खाली. मग खुर्चीवरून डावीकडे सरकत, डोळे फिरवत, "वाइनो, मी आले रे!" बघायला लोक कॉफी घेऊन यायचे. गॅरेजसमोरच चर्च. तिथले पास्टर ओस्टलुंड एकदा रस्ता ओलांडून तक्रार घेऊन आले.

"लेम्पी, बुधवारी माझ्या प्रार्थनेच्या ऐन मध्यावर तू मरतेस. लोक हसतात."

"मग तुम्ही जरा मोठ्याने प्रार्थना करा ना, पास्टर. मला हळू मरता येत नाही."

लेम्पीला ॲम्ब्युलन्सचं एवढं प्रेम का, तर त्याला कारण तिचा बाप. ती लहान असताना गावात ॲम्ब्युलन्स नव्हती. अंत्यविधीचं दुकान चालवणाऱ्या बर्गडालची लांब काळी गाडी होती, तीच आजाऱ्यालाही न्यायची. गाडी एक, चालक एक, फक्त उतरवायची जागा वेगळी. लाकूडतोडीवर बापाच्या मांडीवर झाड पडलं तेव्हा बर्गडाल आला, आणि पन्नास मैलांची वाट त्याने अशी निवांत कापली की जणू त्याला दोन्हीकडून सारखंच. बाप सांगायचा, "आरशातून तो सारखा माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, धीर देतोय. नंतर कळलं, माप घेत होता." बाप लंगडत का होईना जगला, आणि मरेपर्यंत त्याने बर्गडालच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही. मेल्यावर मात्र इलाज नव्हता. गावात दुसरं दुकान नव्हतं.

म्हणून गावाची स्वतःची, आणि एकाच दिशेचा विचार करणारी गाडी असावी, हे लेम्पीचं ठाम मत होतं. आणि या वर्षी नेमकी तीच गाडी जायची वेळ आली होती.

नियम असा की गाडी निघताना तिच्यावर परवानेवाली दोन माणसं हवीत. दिवसा गावात असणारी परवानेवाली माणसं दोनच होती. त्यातल्या एकाने दोन्ही गुडघे बदलून घेतले आणि नवे गुडघे घेऊन तो ॲरिझोनाच्या उन्हात राहायला गेला. उरला रेइनो. मार्चअखेर दुसरा माणूस परीक्षा पास झाला नाही, तर गाडी जिल्ह्याच्या गावी जमा. मग कुणाला काही झालं की पन्नास मैलांवरून, बर्फातून, ती येणार. म्हणजे पुन्हा बर्गडालच बरा.

परीक्षेला बसणारी एकच होती, डोरीन पेल्की. पन्नाशीची. पेट्रोलपंप आणि त्याच्याच कोपऱ्यात मासेमारीचं सामान, गळाचे किडे वगैरे विकणारी. तिच्या पंपावर वर्षानुवर्षं गाडी भरणाऱ्यांनीही तिच्या तोंडून "किती?" आणि "बरं" याच्यापलीकडे काही ऐकलं नव्हतं. हात मात्र तिचे बोलायचे. गोठलेल्या तळ्यावर घसरून मनगट मोडलेल्या माणसाला ती असं बांधायची की त्याला कळायचंही नाही. पण परीक्षा हातांची नव्हतीच. परीक्षा तोंडाची होती. हातमोजे घातले, हे नुसतं घालून भागत नाही, मोठ्याने म्हणावं लागतं. जागा सुरक्षित आहे, म्हणावं लागतं. श्वास बघते आहे, नाडी बघते आहे, असं म्हणायचं, आणि परीक्षक हातातल्या कार्डावरून सांगणार, नाडी इतकी, श्वास इतका. मनगट नुसतं धरल्यासारखं करायचं. नाडी कुणी मोजत नाही, कारण पेशंट धडधाकट असतो. डोरीन सगळं करायची आणि गप्प राहायची. जे बोललं नाही ते केलं नाही, असा नियम. दोनदा नापास.

सबंध हिवाळा लेम्पीने तिला आपल्या स्वयंपाकघरात घोकवलं. स्वतः टेबलाखाली पडायची आणि तिथून ओरडायची.

"बोल ना गं बाई! तोंडात गळाचे किडे धरलेत का?"

"घातले," डोरीन पुटपुटायची.

"काय घातले? कुणी घातले? पूर्ण वाक्य!"

"हातमोजे घातले."

"हां. आता हेच मिलवॉकीच्या कारिनला ऐकू जाईल असं म्हण."

डोरीन फेब्रुवारीअखेर बऱ्यापैकी बोलायला लागली. पंपावरसुद्धा. एका गिऱ्हाइकाला तिने "पेट्रोल भरते आहे. टाकी भरली. झाकण लावते आहे" असं सांगितलं, तर तो बिचारा घाबरून सुटे पैसे न घेताच निघून गेला.

परीक्षा शनिवारी सकाळी होती. त्या सकाळी लेम्पी दारातला बर्फ फावड्याने ओढत असताना तिची दाढ दुखायला लागली. निदान तिला तरी दाढच वाटली. खालचा जबडा, डावीकडून, कानापर्यंत. ती पायरीवर टेकली. पोटात ढवळत होतं. रात्री रेइनोच्या बायकोने पाठवलेली पॅस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली भली मोठी करंजी, खाल्ली होती. ती बाई सारणात सलगम इतकं कोंबते की गाढवालाही पचू नये. लेम्पीने मनातल्या मनात रेइनोच्या बायकोचा उद्धार केला आणि आत आली. हातात जोर नव्हता. कॉफीचं भांडं उचलताना दोन्ही हात लावावे लागले.

तेवढ्यात कारिनचा फोन. शनिवारी सकाळी तो येतोच.

"आई, आवाज असा का येतोय तुझा?"

"बर्फ ओढत होते."

"तू कशाला ओढतेस? शेजारी आहेत ना! किती वेळा सांगितलं तुला. तुला काही होत नाहीये ना?"

"मला काय होतंय? ठणठणीत आहे मी. आज कंबर मोडून घ्यायची आहे, उशीर होतोय."

पोरीला काळजीत पाडायचं नाही म्हणून आई खोटं बोलते, आणि आई खोटं बोलते हे ठाऊक असल्यामुळे पोरीची काळजी संपत नाही. दोघींनी हे इतकी वर्षं चालवलं होतं. फोन ठेवल्यावर लेम्पी भिंत धरून दोन मिनिटं उभी राहिली.

हृदयाचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि तिने तो हसून घालवला. हृदयविकार कसा असतो हे तिला कोण सांगणार? छातीत कळ येते, मूठ वळते, मग खाली पडतो. तिच्या छातीत काहीच नव्हतं. तो पत्र्याचा मग कुठे पडलाय हातातून? भांडं धरलं होतं की तिने. आणि समजा नाही गेली, तर? परीक्षक एवढ्या लांबून आलेला, पेशंट नाही म्हणून परत जाईल. मार्च संपेल. गाडी जाईल. दाढेसाठी? तिने कोट चढवला.

गॅरेजात रेइनो तिला रंगवायला बसला. चेहऱ्यावर राखाडी पावडर, ओठांना निळा रंग, मांडीवर जांभळा डाग, गुडघ्यावर मक्याच्या पाकातलं लाल रक्त. आजची गोष्ट अशी की म्हातारी छपरावरचा बर्फ ओढायला शिडीवर चढली आणि पडली. कंबरेचं हाड मोडलं. घाम दाखवायला पाण्याची फवारायची बाटली असते, ती डोरीन बाहेरच्या गाडीतून घेऊन आली.

"गोठली," तिने बाटली टेबलावर आपटून दाखवली. दगडासारखा आवाज आला.

"राहू दे," रेइनो म्हणाला, "आज घामाशिवाय पड. काय गं, एवढी गप्प का? नेहमी माझ्या रंगकामाला नावं ठेवतेस."

"तुझ्या बायकोची पॅस्टी बोलतेय पोटात. तिलाच बोलू दे."

परीक्षकाचं नाव व्हिटकोम. पुलापलीकडून, म्हणजे राज्याच्या खालच्या अंगाकडून आलेला. ओटर फॉल्समध्ये तेवढ्यावरच माणसाबद्दल मत तयार होतं. उंच, नीट कातरलेल्या मिशा, हातात कार्डं. माणूस वाईट नव्हता. फक्त इतकी वर्षं कार्डं वाचून त्याला वाटायला लागलं होतं की पेशंट कार्डातच असतो आणि जमिनीवर दिसतं ते चित्र.

"उमेदवाराने सुरुवात करावी," तो म्हणाला.

डोरीनने हातमोजे ओढले. "हातमोजे घातले! जागा सुरक्षित आहे! शिडी बाजूला पडलेली आहे!" ती इतकी मोठ्याने ओरडली की रेइनो दचकला. गालिच्यावरून लेम्पीला अभिमान वाटला. तेवढ्यात तिच्या अंगातून काहीतरी निथळून गेल्यासारखं झालं, नळाखालचं भांडं कोणी अचानक ओतावं तसं. छताचे दिवे लांब गेले.

"मावशी, मी डोरीन, ॲम्ब्युलन्सवरून आले आहे. काय झालं?" परीक्षेत अनोळखी असल्यासारखं बोलायचं असतं.

लेम्पीने म्हणायचं होतं: आई गं, मेले, कंबर गेली, शिडीने दगा दिला. वाक्य तोंडपाठ होतं. ती म्हणाली, "पडले."

"श्वास बघते आहे. नाडी बघते आहे," डोरीनने मनगट धरलं.

"नाडी एकशे दहा, नियमित, भरलेली," व्हिटकोमने कार्डावरून वाचलं.

डोरीन पुढे सरकली. कंबरेच्या दोन्ही बाजूंना हात ठेवून तिने हलकं दाबलं. इथेच. याच जागी ती आरोळी उठायला हवी होती. मागच्या वेळी त्या आवाजाने चर्चवरची कबुतरं उडाली होती. लेम्पीने तोंड उघडलं. सैतानाचं नाव जिभेपर्यंत आलं आणि तिथेच बसून राहिलं. चुकतंय माझं, तिला वाटलं, माझ्यामुळे नापास होणार ही, आणि तिने पुन्हा तोंड उघडलं.

डोरीनचे हात थांबले.

"लेम्पी?"

"उमेदवाराने पेशंटला मावशी म्हणावं, किंवा आडनावाने," व्हिटकोम म्हणाला. "पुढे चला."

डोरीनने तिच्या कपाळाला हात लावला. हातमोजा ओला झाला. राखाडी पावडरीतून दोन ओघळ कानाकडे निघाले होते. डोरीनने टेबलाकडे बघितलं. बाटली तिथेच उभी होती, बर्फाची पांढरी. मग ती परत मनगटाकडे गेली, आणि या वेळी धरल्यासारखं नाही, धरलं. गप्प बसली. इतका वेळ गप्प बसली की रेइनोने डोळे मिटून घेतले. संपलं, पुन्हा गप्प झाली ही, गेली गाडी.

"नाडी एकशे दहा," व्हिटकोमने आठवण करून दिली.

"नाही."

"काय नाही?"

"चव्वेचाळीस. मध्ये मध्ये चुकतेय."

"उमेदवार, कार्डावर स्पष्ट लिहिलंय..."

"ती कार्डाची असेल. ही हिची आहे." आणि मग डोरीन पेल्की, जिच्या तोंडून हिवाळ्याआधी पंपावर दोन शब्द निघत नव्हते, गॅरेजचं छप्पर हलेल अशी ओरडली, "रेइनो! हिने शिवी दिली नाही! मी कंबर दाबली आणि हिने शिवी दिली नाही!"

हे ऐकून रेइनो जसा उठला तसा तो खऱ्या हाकेलाही कधी उठला नव्हता. ओटर फॉल्समध्ये याहून गंभीर लक्षण कुणाला माहीत नव्हतं.

"लेम्पी, कुठे दुखतंय? खरं खरं," डोरीनने विचारलं.

"कुठे नाही. परीक्षा कर तुझी."

"लेम्पी."

"दाढ. सकाळपासून. आणि ती पॅस्टी."

"छातीत?"

"छातीत काही नाही. मला काय हृदयविकार कळत नाही? मी इतक्या वेळा मेलेय त्याने!"

व्हिटकोम एव्हाना गुडघ्यांवर बसला होता. कार्डं गालिच्यावर पसरली होती आणि एकावर त्याचाच गुडघा होता. त्याने दुसरं मनगट धरलं, आणि त्याच्या मिशांखालचं तोंड बदललं. "रक्तदाब बघा," तो म्हणाला. या वेळी आकडा कार्डावरून आला नाही, पट्ट्यातून आला, आणि तो फार खाली होता. लेम्पीच्या गावीही नव्हतं की बायकांचं हृदय पुष्कळदा असंच बिघडतं: छातीवर मूठ नाही, हातातला मग पडत नाही, नुसती दाढ, पाठ, ढवळणं, दम. घरातल्या कुरबुरीसारखं, ज्याच्याकडे लक्ष द्यायला वेळ नसतो.

"ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे?" डोरीनने विचारलं.

"नाही, हे तुला माहीत आहे."

"तोंडाने सांग. किडे धरलेत का?"

लेम्पीला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. "ॲलर्जी नाही."

"चार लहान गोळ्या. चाव. गिळू नकोस, चाव. ऑक्सिजन लावते आहे. पाय वर घेते आहे."

"जिभेखालची गोळी दे ना," लेम्पी पुटपुटली. "नेहमी देता. माझ्या प्रयोगात ती असते."

"रक्तदाब खाली असताना ती दिली तर तू प्रयोगाशिवाय मरशील. गप्प पड."

आता नियमाचा प्रश्न. रेइनो गाडी चालवणार. मागे परवानेवाला हवा, आणि डोरीनकडे परवाना नव्हता, तो मिळवायलाच तर सकाळपासून हा खटाटोप. सगळ्यांनी व्हिटकोमकडे बघितलं. तोही एकेकाळी गाडीवरच होता, आणि परवाना त्याच्याकडे अजून होता. त्याने उगाच मिशांवरून हात फिरवला आणि तो गाडीत चढला. लेम्पीला उचलताना कुणाला फारसं काही करावं लागलं नाही. मोडलेल्या कंबरेसाठी आणलेली फळी आणि पट्टे तिच्या शेजारीच तयार होते.

वाटभर लेम्पीला दोनच गोष्टी कळत होत्या. एक, गाडीच्या छताला असलेला डाग, जो तिच्याच एका मरणात कॉफी उडून पडला होता. दुसरी, डोरीनचा आवाज. डोरीन थांबतच नव्हती. "मनगट धरते आहे. नाडी शेहेचाळीस. डोळे उघडे ठेव. आता रक्तदाब बघते आहे. आता वळण आहे. आता पंप गेला, माझाच. कुणीतरी रांगेत उभा आहे, राहू दे. लेम्पी, आज वार कोणता?"

"शनिवार. बर्गडाल कुठे आहे?"

डोरीन आणि व्हिटकोमने एकमेकांकडे बघितलं. व्हिटकोमने वाकून विचारलं, "कोण बर्गडाल?"

"काळी गाडीवाला. तो आरशातून बघतोय का?"

समोरून रेइनो ओरडला, "मी रस्त्याकडे बघतोय, लेम्पी! आरसा केव्हाच तुटलाय, पैसे मंजूर झाले नाहीत!"

"मग ठीक आहे," लेम्पी म्हणाली आणि डोळे मिटले. डोरीनने तिच्या छातीचं हाड मुठीने असं रगडलं की तिने ते पुन्हा उघडले. "पेर..." एवढंच आलं. पण आलं. रेइनोने पुढे स्टिअरिंगवर हात आपटला.

हॉस्पिटलला आधी कळवलं होतं, माणसं दारात उभी होती. पण त्यांना हृदयाचा पेशंट सांगितला होता आणि उतरली ती रक्ताने माखलेली, मांडी काळीनिळी झालेली, कंबर बांधलेली म्हातारी. नर्सने तोंडावर हात घेतला.

"हे रक्त?"

"मक्याचा पाक," व्हिटकोम म्हणाला.

"ही मांडी?"

"रंग."

"आणि हे निळे ओठ? तेही रंगच ना?"

डोरीनने बाहीने लेम्पीचे ओठ पुसले. बाही निळी झाली. रंगाखालचे ओठही निळेच होते. चाकांचा आवाज करत तिला आत नेलं.

हृदयाची बंद पडलेली नळी उघडायला तास लागला नाही. बाहेर बाकावर तिघं बसले होते. कारिनला फोन कुणी करायचा यावर रेइनो आणि डोरीनची बराच वेळ नजरानजर चालली. शेवटी डोरीनने केला आणि पूर्ण वाक्यांत सगळं सांगितलं. मग कारिन म्हणाली, "मला वाटलंच होतं. तिने ठणठणीत म्हटलं तेव्हाच."

मग रेइनोने घसा खाकरला. "साहेब, तेवढं परीक्षेचं..."

व्हिटकोमला खरंच वाईट वाटत होतं. तो म्हणाला, "नियमात स्पष्ट आहे. परीक्षा सोंग घेतलेल्या पेशंटवरच व्हायला हवी. हा पेशंट खरा निघाला. धरता येत नाही."

"म्हणजे हिने खऱ्या बाईला वाचवलं म्हणून नापास?"

"नापास नाही. परीक्षा झालीच नाही." तो उठला, खिडकीपर्यंत जाऊन आला. "पुढच्या शनिवारी मी परत येतो. मार्च संपायच्या आत बसतं. पेशंट मात्र धडधाकट आणा. कृपा करून."

लेम्पीला हे दुसऱ्या दिवशी, नळ्यांच्या जंजाळात, कारिन उशाशी बसलेली असताना कळलं. आपण वाचलो याचा आनंद तिला झाला असेल, पण तो दाखवायला तिला वेळ नव्हता.

"माझ्या जागी कोण पडणार आहे?"

"रेइनो," डोरीन म्हणाली.

"रेइनो? त्याला कण्हता येतं का? बायकोची पॅस्टी खाऊनसुद्धा छान झाली म्हणतो, तो दुखणं काय दाखवणार!"

"आई, पडून राहा गं," कारिन म्हणाली.

"पडूनच तर राहिले आयुष्यभर!"

पुढच्या शनिवारी रेइनो पडला, आणि लेम्पी म्हणाली होती तसाच लाकडासारखा पडला. कंबर दाबल्यावर "अं" म्हणाला. डोरीनने सगळं म्हटलं, एकही वाक्य गाळलं नाही. व्हिटकोमने नाडी एकशे दहा सांगितली, तेव्हा मात्र ती मान खाली घालून रेइनोचं मनगट खरंच मोजत राहिली. "बहात्तर आहे, पण तुम्ही म्हणता तर एकशे दहा," ती म्हणाली. व्हिटकोमने कागदावर खूण केली आणि मग तोही वाकून मोजायला लागला. डोरीन पास झाली. गाडी राहिली. आरसा अजून मंजूर व्हायचाय.

लेम्पी मे महिन्यात परत कामावर आली. कारिनने रडून बघितलं, रागावून बघितलं, डॉक्टरांकडून वदवून घ्यायचा प्रयत्न केला. डॉक्टर म्हणाले, जमिनीवर पडून राहणं ही विश्रांतीच आहे. मग कारिनने अट घातली: बर्फाचं फावडं शेजाऱ्याकडे, आणि शनिवारच्या फोनवर 'ठणठणीत' हा शब्द बंद. लेम्पीने अर्धी अट मान्य केली. फावडं दिलं.

पण तो जुना हृदयविकार, मूठ, पत्र्याचा मग, वाइनो मी आले रे, ते सगळं तिने टाकून दिलं. लोक हळहळले. नवीन प्रयोग बघायला कॉफी घेऊन आलेले लोक तर चक्रावलेच, कारण बघण्यासारखं काही नव्हतं. लेम्पी खुर्चीवर बसलेली असते. रुमालाचं टोक चाळवत असते. मधूनच जबडा चोळते. बस.

पथकात नवीन भरती झाले होते ते पास्टर ओस्टलुंड. बुधवारी एवीतेवी प्रार्थना होतच नाही, तर निदान उपयोग तरी होऊ दे, असं ते म्हणाले. हातमोजे घालून, मोठ्याने तसं सांगून, ते लेम्पीसमोर येऊन बसले.

"कसं वाटतंय, लेम्पी?"

"काही नाही, पास्टर. जरा दमलेय. दाढ दुखतेय थोडी."

"अच्छा. झोप कमी झाली असेल."

"असेल."

"काल काही जड खाल्लं होतंस का?"

"पॅस्टी."

"रेइनोकडची?" पास्टरांनी समजून मान हलवली. "मग विश्रांती घे. देव तुझं भलं करो." त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि खरा पेशंट कुठे आहे ते बघायला इकडे तिकडे नजर टाकली.

लेम्पी खुर्चीतल्या खुर्चीत मान टाकून निपचित पडली. मागे गाडीच्या पायरीवर बसलेल्या डोरीनने हातातलं वेळ मोजायचं घड्याळ बंद केलं.

"काय झालं?" पास्टर म्हणाले.

"मेली," डोरीन म्हणाली. आणि सवय लागली होती म्हणून वाक्य पूर्ण केलं, "तुम्ही मनगट धरलं नाहीत."

लेम्पीने एक डोळा उघडला. "पेरकेले, पास्टर," ती म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून."